एका जोडाचा हिशेब आणि ई-कॉमर्सची पदव्युत्तर पदवी

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका रविवारी, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधल्या मामांच्या चपलांच्या दुकानात मागच्या फळीवर बसून मी वहीच्या एका पानावर हिशेब मांडला. पुढचे सहा आठवडे ते पान माझ्या पर्समध्ये होते. ई-कॉमर्समधील पदव्युत्तर पदवीचा कोणताही अभ्यासक्रम वाचायला घेतला की मी ते शेजारी उघडून ठेवत असे, त्यामुळे आता ते घडीवर फाटायला आले आहे. पदवी कशी निवडली, असे गेल्या महिन्याभरात तीनचार जणांनी विचारले. त्यांतले दोघे माझ्यासारखेच पस्तिशीतले आणि कारखान्यातली नोकरी सोडण्याच्या विचारात असलेले आहेत. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.

मी बी.कॉम. झाले ते २०११ साली, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्याच एका महाविद्यालयातून. दोन वर्षे एका कर सल्लागाराकडे काढली आणि मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅच विभागात लागले; तिथे आता बारा वर्षे झाली. वाहन कंपन्यांना जाणारी कास्टिंग (ओतीव भाग) मोजणे, काट्यावर वजन करून घेणे, चलन, ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टवाल्याची एल.आर. (माल घेतल्याची पावती) जुळवून गाडी वेळेत गेटबाहेर काढणे, हे माझे काम. काम मला आवडते. मात्र माझ्या वरची जागा अभियंत्यांसाठी असते आणि जे मी हाताने करत असे त्यातले निम्मे आता सॉफ्टवेअर करते. या दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. फक्त त्यांमुळे पुढची वीस वर्षे मी तिथे काय करणार, याचे उत्तर मला मिळेनासे झाले.

ई-कॉमर्सकडे वळले ती मामांमुळे. त्यांचे दुकान तिसऱ्या पिढीचे आहे. मामेभावाने २०२४ मध्ये दुकानाचा माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारात नोंदवला, सहा महिने उत्साहाने सांभाळला आणि नोकरी लागताच तो पुण्याला गेला. मागे राहिलेला पासवर्ड माझ्या वाट्याला आला, कारण घरात ‘हिला जीएसटी कळतो’ अशी माझी ख्याती होती. वर्षभर मी रात्री ऑर्डरी बघत होते, लेबले छापत होते, आणि पैसे येत आहेत म्हणजे धंदा चालला आहे, असे मामांइतकेच मीही धरून चालले होते.

त्या रविवारी मांडलेला हिशेब दिवाळीच्या आधीच्या महिन्याचा होता. मामांचे गणित तोंडी आणि सरळ होते: ७२० रुपयांना पडलेला जोड १,२०० रुपयांना जातो, जोडामागे ४८० सुटतात, २९ जोड गेले, म्हणजे १३,९२० रुपये. मी पान उभे आखले आणि एकेक ओळ लिहीत गेले. पाठवलेले जोड ४०, परत आलेले ११, गिऱ्हाइकाकडे राहिलेले २९. त्यांची जमा ३४,८०० रुपये. जोडांची किंमत २०,८८०. २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के जीएसटी झालेला असल्याने १,२०० मधले ५७ रुपये कराचे, एकूण १,६५३. माल घेताना भरलेल्या कराची वजावट तूर्त बाजूला ठेवली. बाजाराचे कमिशन आणि इतर आकार मिळून जोडामागे १९०, म्हणजे ५,५१०. वाहतूक जोडामागे ११०, आणि ती २९ जोडांची नव्हे तर चाळीसही जोडांची, म्हणजे ४,४००. परत आलेल्या अकरा जोडांचे परतीचे भाडे १,२१०. खोके, कागद आणि चिकटपट्टी १,४००. इथपर्यंत बेरीज ३५,०५३ झाली, म्हणजे जमेपेक्षा २५३ रुपये जास्त. त्यात परत आलेल्या जोडांपैकी तीन विकण्याच्या लायकीचे उरले नव्हते; त्यांचे २,१६० मिळवले की महिन्याचा तोटा २,४१३ रुपये. मामा पानाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हंजे आम्ही पदरचं घालून लोकांस्नी चपला घालतोय म्हणायचं.’

खाली आणखी तीन ओळी होत्या. बाजाराने आपल्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, म्हणजे टीसीएस, सुमारे १६६ रुपये, हा खर्च नव्हे. जीएसटी पोर्टलवर तो स्वीकारला की आपल्या रोख खातेवहीत जमा होतो. पण वर्षभर तो कुणी स्वीकारलाच नव्हता, आणि ‘हिला जीएसटी कळतो’ ही ख्याती तिथे जरा डागाळली. जाहिरातीची ओळ त्या महिन्यात कोरी होती. शेवटची ओळ रुपयांची नव्हती: माल दुकानातून निघाल्यापासून पैसे बँकेत येईपर्यंत लागणारे दिवस. अशा एकूण अकरा ओळी.

या अकरा ओळींतल्या कोणत्या मला समजतात आणि कोणत्या समजत नाहीत, हे पाहिल्यावर पदवीचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला. वाहतुकीची ओळ मला लगेच कळली. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्यावर भाडे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः ५,००० ने भागायचे. आमचे खोके ३२ बाय २२ बाय ११ चे होते, म्हणजे १.५५ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे दोन किलोचा दर लागत होता. आतला जोड जेमतेम सातशे ग्रॅमचा! दोन्ही चपला तळ्याला तळा लावून, एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे अशा उलटसुलट ठेवल्या की ३० बाय १५ बाय ८ च्या खोक्यात बसतात आणि आकारमानाचे वजन पाऊण किलोच्या आत येते. नवे खोके केल्यावर भाडे ११० वरून ७६ वर आले. जाऊन-येऊन ५१ फेऱ्यांवर हे १,७३४ रुपये झाले. फौंड्रीत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण लोखंडाला वजन आडवे येते, जागा नाही. पण गाडीत माल बसवण्याची बारा वर्षांची सवय मात्र कामी आली.

परताव्याची ओळ तशी सुटली नाही. अकरापैकी सात जोड गिऱ्हाइकाने दारातच नाकारले होते. सगळ्या ऑर्डरी माल मिळाल्यावर रोख पैसे देण्याच्या होत्या. या प्रकाराला धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात, म्हणजे माल निघाला तिथे परत. मी मामांना ‘सात आरटीओ झाले’ म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एमएच ०९ चे पासिंगचे कार्यालय आले आणि आपली गाडी तर दारात उभी आहे, म्हणून ते गोंधळले. उरलेले चार जोड मापामुळे परत आले. त्यावर मामांचे म्हणणे असे की, ‘लोक नंबर सांगत्यात, पायाची रुंदी कोण सांगतंय? कोल्हापुरी चार दिवस पायात घातल्याबिगर पायाला बसत न्हाई.’ कातडे वापराने सैल होते, हे दुकानात बसून सांगता येते. मोबाइलच्या पडद्यावर ते कसे सांगायचे, हा प्रश्न मालाच्या वर्णनाचा, छायाचित्राचा आणि मापतक्त्याचा आहे. आमच्याकडे कापशी, पायताण, बक्कलनाली, पुकरी असे प्रकार आहेत आणि त्या ऑनलाइन बाजाराच्या यादीत या सगळ्यांना एकच खाना: पुरुषांची पारंपरिक चप्पल. फौंड्रीतही रिजेक्शन येते, पण परत आलेले कास्टिंग वितळवून पुन्हा ओतता येते. एकदा पायात घालून अंगणात फिरलेली चप्पल पुन्हा कातडे होत नाही.

तेव्हा मला शिकायचे होते ते हे: कोणती ऑर्डर परत येणार याचा आधीच अंदाज कसा बांधायचा, वर्णन बदलल्याने परतावा घटला की योगायोगाने घटला हे कसे ओळखायचे, जाहिरातीवर किती खर्च परवडतो, कमिशनचे टप्पे कसे ठरतात आणि ग्राहकाशी असलेल्या वादात कायदा कुठे उभा आहे. यासाठी दोन वर्षांची पदवीच कशाला, असे मामेभावाने विचारले आणि तो प्रश्न रास्त होता. मोफत धडे भरपूर आहेत. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि त्यावर मी स्वतः एक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. ते प्रमाणपत्र जोडून पुण्यातल्या काही जागांसाठी अर्जही केले. एकाही ठिकाणाहून बोलावणे आले नाही. बी.कॉम., फौंड्री, डिस्पॅच, असे तीन शब्द दिसले की अर्ज बाजूला पडत असावा, असा माझा तर्क आहे. ज्याला स्वतःचे दुकान चालवायचे आहे त्याने पदवीच्या वाटेला जाऊ नये, असे मी आजही सांगेन. मामेभावाला तर नक्कीच. पण ज्याला दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘मी आता हे काम करते’ असे सांगायचे आहे, त्याला ते वाक्य कुणीतरी प्रमाणित करून द्यावे लागते.

अभ्यासक्रम वाचताना मी एकच पद्धत ठेवली. विषयांची यादी छापून घ्यायची, हिशेबाच्या पानावरच्या अकरा ओळींना क्रमांक द्यायचे आणि कोणत्या पेपरात कोणती ओळ शिकवली जाईल ते समासात पेन्सिलीने लिहायचे. ही पद्धत कुणाला बाळबोध वाटेल, परंतु माहितीपुस्तिकांतले ‘डिजिटल युगातील नेतृत्व’ यांसारखे शब्द तिच्यातून आपोआप गळून पडतात.

आधी एम.कॉम. पाहिले. माझी पदवी तीन वर्षांची असल्यामुळे पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचेच होणार होते. आपल्या राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडल्यास पदव्युत्तर पदविका मिळते, ही सोय मला आवडली. शुल्कही सर्वांत कमी. लेखा आणि कर यांच्या ओळी तिथे पक्क्या जुळत होत्या. ई-कॉमर्स या नावाचा पेपर मात्र मी पाहिलेल्या अभ्यासक्रमांत पंचवीस वर्षांपूर्वी थांबलेला होता: इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज म्हणजे काय, बी-टू-बी आणि बी-टू-सी यांतील फरक, संकेतस्थळाचे फायदे-तोटे, माहिती तंत्रज्ञान कायदा २०००. परतावा हा शब्द मला एका विषययादीत सापडला, पण तो गुंतवणुकीवरचा परतावा निघाला.

पूर्ण वेळ एमबीएसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, त्यानंतर केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्या, आणि मग दोन वर्षे नोकरीशिवाय. तिथे संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती चांगल्या आहेत, सोबत वर्ग आहे, प्लेसमेंट आहे. वय तेवीस असते तर मी दुसरीकडे पाहिलेही नसते. मात्र ई-कॉमर्स बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षातला एखादा ऐच्छिक पेपर आहे आणि तो घेणारे विद्यार्थी पुरेसे झाले नाहीत तर तो शिकवलाच जात नाही, हे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी केल्यावर कळले. प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयात जाऊन असा प्रश्न विचारणे फार उपयोगी पडते. माहितीपुस्तिका या विषयावर काही बोलत नाही.

परदेशाचा विचार मी आठवडाभरच केला. ब्रिटनमध्ये ही पदवी एका वर्षाची असते. युरोपात बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर राहून काम करण्याची मुदत सध्या दोन वर्षांची असली तरी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे. खर्च आणि घर ही कारणे तर होतीच. पण पान शेजारी ठेवले तेव्हा दुसरेच काही लक्षात आले. मी वाचलेल्या त्या अभ्यासक्रमांत ग्राहकांच्या माहितीच्या (डेटाच्या) संरक्षणाचा युरोपीय कायदा, कार्डाने होणारे व्यवहार आणि सीमापार विक्री उत्तम रीतीने मांडली होती, परंतु दारात आलेला माल ‘नको’ म्हणून परत पाठवणारे गिऱ्हाईक त्यांत कुठेच नव्हते. माझा निम्म्याहून अधिक परतावा त्या एका गिऱ्हाइकाने केलेला होता. ज्यांना पुढे बाहेरच राहायचे आहे त्यांचे गणित अर्थातच वेगळे असेल.

राहिला ऑनलाइन पद्धतीच्या पदव्यांचा गट, आणि इथे सर्वांत जास्त सावध राहावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या नियमावलीप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते. पण ती मान्यता त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्या सत्रासाठी आहे की नाही, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर आपण स्वतः पाहायचे असते. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला तिथेच स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो आणि त्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचे, म्हणजे शिक्षणातले श्रेयांक जमा ठेवण्याचे, खाते लागते. एका खासगी शिकवणी कंपनीचा प्रतिनिधी मला रोज फोन करून ‘मॅडम, आजच सवलत संपते’ असे सांगत होता. डीईबी क्रमांकाबद्दल विचारताच त्याने ‘ते नंतर आम्ही बघतो’ असे उत्तर दिले आणि तिथेच आमचे संभाषण संपले. विद्यापीठांनी अशा कंपन्यांना फ्रँचायझी म्हणून अभ्यासक्रम चालवू देऊ नयेत, असे यूजीसीने २०२२ मध्येच बजावलेले आहे.

मान्यतेची खात्री झाल्यावर शिकवण्याचा दर्जा कसा तपासायचा, याची एक युक्ती मला अपघाताने सापडली. नमुन्याचे अभ्याससाहित्य मागवायचे आणि त्यात कराचे दर पाहायचे. ऑनलाइन बाजाराने जीएसटीत कापायचा टीसीएस जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. प्राप्तिकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. ज्या साहित्यात अजून दोन्हीकडे एक टक्का छापलेला होता, ते दीड वर्षात कुणी उघडलेले नाही, हे उघड होते. तीच गोष्ट ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांची. हे नियम २०२० चे आहेत. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे त्यांत स्पष्ट आहे. मी मागवलेल्या चार नमुन्यांपैकी दोनच या परीक्षेत टिकले.

त्या दोघांतला एक अभ्यासक्रम नाव ‘ई-कॉमर्स’ लावूनही मुळात डिजिटल मार्केटिंगचा होता. अकरा ओळींपैकी जाहिरातीच्या एका ओळीवर त्याने सहा पेपर खर्च केले होते. जाहिरातीला मी कमी लेखत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळानंतर त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले, तेव्हा आठ दिवस मामांच्या दुकानातला फोन थांबत नव्हता. लोक किंमत विचारत होते, छायाचित्रे मागवत होते. त्यातून विकले गेले तीन जोड. लक्ष वेधणे आणि माल खपणे यांच्यामध्ये बरेच काही असते आणि मला ते मधले शिकायचे होते.

याच सुमारास पुण्यात एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत काम करणाऱ्या वर्गमैत्रिणीशी सविस्तर बोलणे झाले. ती कॅटेगरी मॅनेजर आहे, म्हणजे एका प्रकारच्या मालाची सगळी विक्री सांभाळते, आणि उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. तिने सांगितले की त्या मुलाखतीत व्याख्या कुणी विचारत नाही. दोनतीनशे ऑर्डरींचा तक्ता समोर ठेवतात आणि पैसा कुठे गळतो आहे ते अर्ध्या तासात दाखवायला सांगतात. तिच्या मते ई-कॉमर्स हा एक व्यवसाय नसून चारपाच व्यवसायांची चाळ आहे: कॅटलॉग सांभाळणारे, जाहिरातीचे पैसे लावणारे, विक्रेत्यांशी बोलणारे, गोदाम आणि वाहतूक बघणारे, आकडे वाचणारे. कुणाच्या खोलीत राहायचे ते ठरवूनच पदवी घ्यावी. ‘आणि डिस्पॅच लपवू नकोस, बाई,’ ती म्हणाली, ‘आमच्याकडे एमबीए झालेल्या निम्म्या मुलांनी गाडी भरताना पाहिलेली नाही.’ अर्जात मी डिस्पॅचची बारा वर्षे दोन ओळींत उरकत होते. त्या रात्री तो परिच्छेद नव्याने लिहिला.

तिच्या बोलण्याचा दुसरा परिणाम असा झाला की मी आपल्याच जिल्ह्याकडे अकरा ओळींच्या नजरेने पाहू लागले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले २०१९ मध्ये, कोल्हापूरच्या गुळाला त्याआधी २०१४ मध्ये. गुळाची किंमत कमी आणि वजन जास्त, शिवाय पावसाळ्यात तो पाझरतो. त्याच्या पानावर वाहतूक आणि खराब मालाची ओळ सगळ्यांत जड असेल. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांना ना जागा लागते ना वजन, पण पार्सल फोडले गेले तर काय, ही भीती. तिथे विमा हवा. इचलकरंजीचे कापड रंग पडद्यावर वेगळा दिसला म्हणून परत येणार. चपला तर आषाढ-श्रावणात जवळजवळ खपतच नाहीत, तेव्हा चार महिने पैसा मालात अडकून राहतो. ही सगळी पाने भरायला माणसे लागतील, आणि ती सगळीच पुण्यात बसलेली असण्याची गरज नाही. पुरवठासाखळी आणि ऑर्डरपूर्ती या बाजूने जायचे, हे इथे ठरले.

वेळेच्या हिशेबावर कुणी फारसे बोलत नाही म्हणून लिहिते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे वर्षाचे ४० श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १,२०० तासांचा अभ्यास. ५२ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला तेवीस तास. यात व्याख्यान ऐकणे, वाचणे, स्वाध्याय लिहिणे सगळे आले. मी सकाळी आठच्या बसने शिरोलीला जाते आणि संध्याकाळी साडेसहाला मंगळवार पेठेत परतते. दोन महिने मी खरोखर किती वेळ बसू शकते याची नोंद ठेवली, आणि रविवार धरून आठवड्याला अठरा तासांच्या वर आकडा गेला नाही. उरलेले पाच तास कुठून आणायचे, यावर घरात बोलणे झाले. स्वयंपाकाची एक वेळ नवऱ्याने घेतली आणि मामांच्या ऑर्डरींची रात्रीची लेबले आता दुकानातला पोरगा छापतो. ‘नोकरी सांभाळून सहज करा’ असे लिहिलेल्या जाहिरातींनी हा तेवीसचा आकडा ठळक अक्षरांत छापायला हवा.

शेवटी जो अभ्यासक्रम निवडला तो एका मान्यताप्राप्त विद्यापीठाचा, ऑनलाइन पद्धतीचा, ई-कॉमर्स विशेषीकरणासह दोन वर्षांचा एमबीए आहे. जानेवारीच्या सत्राला प्रवेश घेतला. अकरापैकी नऊ ओळी त्याच्या विषयांत सापडल्या. दुसऱ्या वर्षी एका प्रत्यक्ष व्यवसायाच्या आकड्यांवर प्रकल्प करावा लागतो, आणि तो स्वतःच्या नात्यातल्या दुकानावर केला तर चालेल का, याचे उत्तर त्यांनी लेखी दिले, ही माझ्या दृष्टीने सर्वांत जमेची बाजू ठरली. त्याचे दोषही सांगायला हवेत. संख्याशास्त्र कच्चे आहे. एकाच पेपरात सगळे उरकले आहे, तेव्हा तो भाग मी ‘स्वयम्’वर वेगळा करणार आहे. वर्गमित्र पडद्यावरच्या चौकोनांत भेटतात आणि व्याख्यान संपले की दिसेनासे होतात. प्लेसमेंटबद्दल जी आश्वासने आहेत त्यांवर मी काहीही आखलेले नाही. फौंड्रीतली नोकरी किमान पहिले वर्ष सोडायची नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच ठरवले होते.

पहिल्या स्वाध्यायात एखादी वस्तू निवडून तिच्या एका विक्रीचा संपूर्ण खर्च मांडायला सांगितले होते. मी जुने पान काढले, नव्या खोक्याचे आकडे घातले, रोखीच्या ऑर्डरींवर आम्ही आता पाठवण्यापूर्वी फोन करतो त्याचा परिणाम वेगळा दाखवला, आणि पाठवण्याआधी मामांना वाचून दाखवले. ‘तेलाचं धरलं न्हाईस,’ ते म्हणाले. प्रत्येक जोड दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी त्याला तेलाचा हात फिरवतात; माझ्या पानावर ती ओळच नव्हती. आता ओळी बारा आहेत.

दुसऱ्या वर्षाचा ऐच्छिक विषय मात्र अजून ठरलेला नाही. गोदाम व्यवस्थापन आणि विक्रीच्या आकड्यांचे विश्लेषण, यांतला एकच घेता येतो. वर्गमैत्रीण म्हणते विश्लेषण घे, गोदाम तुला येतेच. माझा कल तिकडेच आहे, पण गोदामाच्या पेपरात परतीच्या मालावर अख्खे एक प्रकरण आहे, आणि मामांच्या माळ्यावर या घडीला परत आलेले सतरा जोड पडून आहेत.